बांबूच्या दोन टोकांची शर्यत

निकेतने नवा कॅमेरा घेतला तेव्हा अर्ध्या चौलाला वाटलं, याच्या घरी पाळणा हलला. पेढे वाटले, कॅमेऱ्याच्या पट्ट्याला काळा दोरा बांधला, आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. लेन्स काढता-घालता येते हा त्या कॅमेऱ्याचा मोठा गुण. निकेत कोणाशीही बोलताना मधेच लेन्स काढायचा, दुसरी बसवायचा, टक असा आवाज व्हायचा आणि समोरच्याने मान डोलावल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नसे. ‘निकेत डिजिटल’च्या पाटीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: डोळा चुकेल, कॅमेरा चुकणार नाही.

"एवढं छातीठोकपणे कशाला लिहायचं?" त्याची बायको राही म्हणाली. स्टुडिओतलं एडिटिंग तीच करायची. "मागच्या लग्नात नवरदेवाची ढेरी अर्धी केली आपण. ती कॅमेऱ्याने केली की मी?"

"ते वेगळं," निकेत म्हणाला आणि त्याने लेन्स बदलली.

चौलच्या किनाऱ्यावर दर वर्षी बैलगाड्यांची शर्यत होते. ओहोटी लागली की समुद्र मागे सरतो, खाली टणक वाळूची सपाट पट्टी उघडी पडते आणि तीवर गाड्या पळतात. शेवटाला दोन बांबू रोवलेले असतात, एक पाण्याच्या बाजूला, एक जमिनीच्या बाजूला, आणि दोहोंच्या मधे चुन्याच्या फक्कीची पांढरी रेषा. ज्या गाडीच्या बैलाचं नाक आधी रेषेवर, ती पहिली. हे नाक बघायचं काम एकतीस वर्षं येसाजीमामांकडे होतं. मामा म्हणजे निकेतच्या आईचे सख्खे भाऊ. पाण्याच्या बाजूच्या बांबूला खेटून, पाय ओल्या वाळूत रोवून ते उभे राहायचे. तिथे गर्दी आड येत नाही म्हणून. गाड्या गेल्या की ज्या बाजूची जिंकली त्या बाजूला लाल निशाण उचलायचे. एकतीस वर्षांत हरलेल्यांनी त्यांना शिव्या पुष्कळ दिल्या, पण निकाल कधी कोणी बदलायला लावला नाही.

यंदा मात्र मंडळाचे अध्यक्ष काळूरामशेठ यांच्या डोक्यात सुधारणेचं वारं शिरलं. काळूरामशेठचा ग्रील, गेट आणि दुकानांची शटरं बनवायचा कारखाना होता, त्यामुळे कोणत्याही प्रश्नावर आपण वेल्डिंग करून तोडगा काढू शकतो असा त्यांचा समज होता. शर्यतीचं शूटिंग करायचंच होतं. निकेत म्हणाला, मग कॅमेरा रेषेवरच लावू, जमिनीच्या बाजूला, उंच स्टँडवर. अटीतटीचं झालं तर सरळ पडद्यावर बघून निकाल देऊ. क्रिकेटमध्ये काय करतात? मंडळाच्या सभेने टाळ्या वाजवल्या. मामांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "लाव बाबा. दोन डोल्यांपेक्षा तीन बरे."

आणि नेमकी फायनल अटीतटीची झाली. जमिनीच्या बाजूने कोंडाजीची गाडी, पाण्याच्या बाजूने शिवदासची. दोन्ही अशा जोडीने आल्या की चारही बैल एकाच जुवाला जुंपल्यासारखे दिसत होते. धुरळा, आरोळ्या, अडीच हजार माणसं आणि जवळजवळ तेवढेच हात मोबाइल धरून वर. मामांचं निशाण उचललं गेलं, शिवदासच्या बाजूला.

कोंडाजीने तिथेच रेषेवर बसकण मारली. कोंडाजी हा तसा भला माणूस, पण हरणं त्याला पचत नाही. लहानपणी गोट्या हरला तरी गोट्या घेऊन पळायचा. "कॅमेरा बघा!" तो ओरडला. "कॅमेरा कशाला लावलाय, शोभेला?"

मंडपात मोठा टीव्ही होता. निकेतने चित्र पुढेमागे करून नेमकं थांबवलं. कोंडाजीच्या बैलाचं नाक रेषेवर टेकलेलं, शिवदासच्या बैलाचं किंचित मागे. काळूरामशेठने पडद्याला बोटं लावून बैलाच्या नाकपुडीच्या मापावरून अंतराचा हिशेब केला आणि माइक हातात घेतला. "चार बोटं! खऱ्या मापात चार बोटांनी कोंडाजीची गाडी पहिली!" गुलाल उडाला. ढाल कोंडाजीच्या डोक्यावर चढली. ज्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं त्यांनी आपापली चित्रं काढून बघितली. पण एकही जण नेमका रेषेवर उभा नव्हता, सगळे तिरके, त्यामुळे ज्याला जो जिंकायला हवा होता तोच ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये जिंकला होता.

मामांनी निशाण वाळूत खोचलं आणि ते घरी गेले. निकेतला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं, कारण नागाव, रेवदंडा, मुरूड, सगळीकडच्या मंडळांचे फोन संध्याकाळच्या आत आले होते. सगळ्यांना आता कॅमेऱ्यावर निकाल हवा होता.

गावाने मामांच्या डोळ्यांची चौकशी सुरू केली. म्हातारा झाला, मोतीबिंदू असेल, कोण विचारायला जातं. दोन दिवसांनी मामा स्वतःच अलिबागला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, सत्तरीत असे डोळे मी पाहिले नाहीत, सुईत दोरा ओवा. मामांनी हे नाक्यावर येऊन सांगितलं आणि घोटाळा झाला. दिसत नव्हतं तोवर लोक कीव तरी करत होते. आता म्हणायला लागले, म्हणजे दिसत होतं आणि तरी खोटं निशाण उचललं! शिवदासची गाडी याच्या बाजूने होती ना, काहीतरी शिजलेलं असणार. मामा नाक्यावर यायचे बंद झाले. निकेतची आई भावाकडे जाऊन रडून आली आणि घरी आल्यावर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "याला ओवाळलं मी!"

आठवडाभराने राही शर्यतीच्या फिल्मला गाणी लावत बसली होती. तिने चित्र थांबवलं आणि निकेतला हाक मारली.

"हा शिवदासचा गाडीवान मागे का कलंडलाय?"

"वेग असतो ना."

"कोंडाजीचापण तेवढाच कललाय. आणि चाक बघ, अंड्यासारखं झालंय. बांबू मात्र सरळ उभा आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मागच्या महिन्यात गाडीतून रील काढलं त्यात सुपारीची सगळी झाडं तिरकी झाली होती. आठवतं? आपण पार्टीला सांगितलं, ही आमची स्टाइल आहे."

निकेतला ते माहीत होतं. कॅमेरा घेण्याआधी त्याने तासन्तास व्हिडिओ बघितले होते आणि त्यातला एक नेमका याच दोषावर होता. त्याला त्या लोकांनी रोलिंग शटर असं नाव दिलं होतं. कॅमेरा अख्खं चित्र एकदम घेत नाही. वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची, असा तो खालपर्यंत येतो. त्याला वेळ लागतो अगदी पापणी लवायच्या आतला, पण पळणारी वस्तू तेवढ्यात पुढे सरकते. म्हणून वरचा भाग मागे राहतो आणि खालचा पुढे गेलेला दिसतो. आता पलीकडची, पाण्याच्या बाजूची गाडी चित्रात वर दिसत होती, अलीकडची खाली. म्हणजे शिवदासचा बैल आधी टिपला गेला आणि कोंडाजीचा त्यानंतर. त्या मधल्या क्षणात कोंडाजीच्या बैलाला पुढे पळायला फुकटचा वेळ मिळाला होता.

"म्हणजे मामा बरोबर होते," राही म्हणाली.

निकेतने कॅमेऱ्याला टोपण घातलं. खोटं कशाला बोला, एक रात्रभर त्याने गप्प बसायचा विचार केला. चार मंडळांच्या तारखा लागल्या होत्या, पाटी नवी रंगवली होती. पण सकाळी आईने चहा दिला तो न बोलता, कप आपटून. तो उठून काळूरामशेठकडे गेला.

"शेठ, निकालात चूक झाली. दोष रोलिंग शटरचा आहे."

काळूरामशेठच्या हातातला पाना खाली पडला. "कुठलं शटर? तुझ्या स्टुडिओचं? मी बसवलेलं?"

"नाही शेठ, कॅमेऱ्यातलं. ते वरून खाली येतं ना, त्याला वेळ लागतो..."

"वेळ लागतो म्हंजे ग्रीस नाय लावलास! वीस वर्षं शटरं बसवतोय मी, एकाबी दुकानाची तक्रार न्हाय. आणि ते तिरकं झालं असंल तरी त्यानं बैल कसा हरंल?"

तासाभरात गावभर झालं की निकेतच्या दुकानाचं शटर बिघडलं आणि म्हणून तो शर्यतीचा निकाल बदला म्हणतो. कोंडाजी मुद्दाम येऊन शटर वरखाली करून बघून गेला. "लोण्यासारखं चालतंय," त्याने बाहेर जमलेल्यांना सांगितलं.

समजावून सांगून उपयोग नाही हे निकेतला कळलं. दाखवायला हवं होतं. युक्ती राहीने काढली. रविवारी ओहोटीला मंडळाला किनाऱ्यावर बोलावलं. मंडळाबरोबर गावही आलं, भेळवाला आला, बर्फगोळा आला. रेषा तीच, कॅमेरा त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर. एका टेम्पोच्या तोंडावर निकेतने दोन गाड्यांमधल्या अंतराएवढा लांबलचक सरळ बांबू आडवा बांधला, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना बाहेर. बांबू काटकोनात आहे की नाही हे काळूरामशेठने स्वतःच्या गुण्याने तीनदा तपासलं आणि जाहीर केलं, "एक सूतबी मागंपुढं न्हाय!"

"आता बघा," निकेत म्हणाला. "हा एकच बांबू आहे. दोन्ही टोकं एकाच वेळी रेषेवर पोचली पाहिजेत. बरोबर?"

"बरोबर!" सगळे म्हणाले.

टेम्पो शर्यतीतल्या बैलगाडीच्या वेगाने आला, रेषा ओलांडून गेला. निकेतने टीव्हीवर चित्र थांबवलं. बांबू तिरका दिसत होता. अलीकडचं टोक रेषेवर होतं, पलीकडचं मागे. राहीने खऱ्या मापात मोजून सांगितलं, "सहा बोटं."

निकेत मोठ्या आशेने लोकांकडे वळला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. "अलीकडचं टोक जिंकलं रं!" कोंडाजीच्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिवदासची माणसं खाली मान घालून उभी राहिली.

"अहो जिंकलं काय? एकच बांबू आहे!" निकेत ओरडला. "थांबा." त्याने कॅमेरा स्टँडवर उलटा टांगला, डोकं खाली, पाय वर. आता तो खालून वर वाचणार होता. टेम्पो पुन्हा आला. कॅमेरा पुन्हा सुलटा बसवून चित्रही सरळ करून दाखवलं तर पलीकडचं टोक सहा बोटं पुढे.

या वेळी शिवदासच्या माणसांनी टोप्या उडवल्या. शिवदास स्वतः शहाणा, शिकलेला, पण त्यालाही राहवलं नाही, तोही दोन्ही हात वर करून नाचला. काळूरामशेठने सवयीने माइकवर सांगितलं, "एक-एक बरोबरी!" आणि मग खरी मारामारी लागली ती तिसऱ्या फेरीवरून. कॅमेरा सुलटा ठेवायचा की उलटा? कोंडाजी म्हणे सुलटा, माणसं सुलटीच असतात. शिवदास म्हणे एकदा सुलटा झाला, पुन्हा सुलटा कशाला. कोणीतरी नाणेफेक सुचवली. दोन पोरी बांबूला झेंडूची माळ घालून आल्या. राहीने कपाळाला हात लावला आणि टेम्पोच्या पायरीवर बसून घेतलं.

निकेतचा तोल गेला. त्याने काळूरामशेठच्या हातून माइक हिसकावला. "अरे डोकी आहेत का खोकी? कॅमेरा सहा बोटांची लबाडी करतो! कोंडाजीकाका चार बोटांनी पुढे दिसले. सहातून चार गेले दोन. शिवदासदादा दोन बोटांनी जिंकलेत. येसाजीमामांनी जे निशाण उचललं तेच खरं होतं!"

बेरीज-वजाबाकी लोकांना पटते असं निकेतला वाटलं. पण कोंडाजी पुढे आला, कमरेवर हात ठेवून.

"ह्यो हिशेब ठेव तुझ्याकडं. उलटा टांगला की एक सांगतो, सुलटा ठेवला की एक सांगतो, असल्या यंत्रावर आम्ही इस्वास ठेवायचा? तू त्या टायमाला रेघेवर उभा व्हतास का नव्हतास?"

"होतो."

"मंग कॅमेरा सोड, बांबू सोड. तुझ्या स्वताच्या डोल्यांनी काय बघितलंस? तेवढं सांग, देवाशपथ मान्य करीन मी."

निकेतने काय बघितलं होतं? कॅमेऱ्याच्या पाठीवरचा तळहाताएवढा पडदा बघितला होता. फोकस हलत नाही ना, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका आहे ना, बॅटरी किती उरली. त्याच्यापासून दहा पावलांवरून चार बैल आणि दोन गाड्या धडाडत गेल्या होत्या आणि त्याने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. गर्दीच्या कडेला, सुरूच्या झाडाखाली त्याला मामा दिसले. आईने बळेच आणलं असावं. त्यांचा चेहरा आठ-दहा दिवसांत उतरून निम्मा झाला होता.

"मी बघितलं," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. शिवदासदादांचा बैल आधी गेला."

आणि नवल असं की सगळ्यांना पटलं. कोंडाजीचं तोंड पडलं, पण शपथ घेऊन बसला होता, बोलणार काय? काळूरामशेठचा चेहरा उजळला. "आरं, मंग हे आधी सांगायचं! बांबू कशाला नाचवलास सकाळपासनं? सरळ गोष्ट. दोन माणसांनी बघितलं, एक येसाजी, एक तू. बस्स झालं. कोंडाजी, ढाल आण. येसाजी, ये पुढं, तुझं निशाण घे."

लोक बाजूला झाले, वाट झाली. मामा पुढे आले. काळूरामशेठने पुढे केलेलं लाल निशाण त्यांनी घेतलं नाही.

"ह्यो खोटं बोलतो," मामा म्हणाले.

"मामा!" निकेत म्हणाला.

"खोटं बोलतोस तू, भाच्या. तुझी मान खाली व्हती. गाड्या रेघेवर आल्या तवा त्या डबड्यात डोकं घालून बसला व्हतास. मी बघितलं."

कोणाला काही सुधरेना. कोंडाजीला मात्र सगळ्यात आधी सुधरलं. त्याच्या डोळ्यांत पुन्हा ढाल चमकली.

"कसं, कसं? पुन्हा बोल येसाजी! गाड्या रेघेवर असताना तू निकेतकडं बघत व्हतास?" त्याने गर्दीकडे तोंड फिरवलं. "ऐकलंत? स्वताच्या तोंडानं कबूल केलं! आरं, भाच्याची मान खाली हाय का वर हाय ते बघत व्हता पंच, मंग बैल कोण बघत व्हता?"

हशा असा उसळला की भेळवाल्यानेही भेळ कालवायची थांबवली. शिवदाससुद्धा हसला. काळूरामशेठने निशाण परत काखेत मारलं आणि दुःखाने मान हलवली, की पंचानेच असं करावं म्हणजे काय बोलायचं.

निकेतला मात्र त्या हशाच्या मधोमध कळलं. पाण्याच्या बाजूला मामा, जमिनीच्या बाजूला तो स्वतः, मधे रेषा. रेषेच्या एका टोकाला डोळा लावून जो नेमका सरळ बघत असेल, त्यालाच दोन्ही बैलांची नाकं दिसतील आणि त्या नाकांच्या पलीकडे, रेषेच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात खुपसलेलं भाच्याचं डोकं दिसेल. एक वीतभर जरी इकडेतिकडे बघितलं असतं तरी दिसलं नसतं. याहून भक्कम पुरावा अख्ख्या शर्यतीत नव्हता. तो ओरडून सांगायला लागला, "अहो, म्हणूनच! सरळ रेषेत बघत होते म्हणूनच मी दिसलो!" पण आता त्याचं कोण ऐकणार? खोटं बोलताना तो आत्ताच सगळ्यांसमोर पकडला गेला होता.

मामा सुरूच्या बनातून घराकडे निघाले होते. निकेतने धावत जाऊन त्यांना गाठलं. त्याला रडू फुटलं होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

"मामा, चुकलो मी. पण तुम्ही गप्प बसला असतात तर? निकाल खराच होता ना. दोन बोटांनी शिवदासच."

"ठाऊक हाय मला," मामा म्हणाले. "मी बघितलंय."

"मग निशाण घ्यायचं ना!"

"घेतलं असतं, व्हय. पण ते तुझ्या खोट्यानं मिळालं असतं. मंग पुढच्या वर्षी ते कुठल्या बाजूला उचलायचं, ते मी तुला विचारायचं?"

मागून माइकवर काळूरामशेठचा आवाज आला. नाणेफेक झाली होती, उलट्याची बाजू पडली होती. बांबूची फायनल लागणार होती आणि कॅमेरावाला कुठे आहे म्हणून विचारत होते.

"जा," मामा म्हणाले. "तुला बोलावतात."

निकेतने डोळे पुसले आणि तो कॅमेरा उलटा करायला गेला.